जिथे कॉर्ड नाही

४ फेब्रुवारी

नवं काम गळ्यात पडलं. आजवर मी पाण्याच्या पंपांच्या, रक्तदाब मोजायच्या यंत्रांच्या, एकदा तर शवागारातल्या फ्रिजच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. आता संगीत. गाण्याचं रेकॉर्डिंग दिलं की कितव्या सेकंदाला कोणता कॉर्ड वाजतोय ते सांगणारं एक टूल आमच्या ऑफिसने बनवलंय. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवणं, एवढं मला दादामुळे माहीत. बाकी संगीतात मी ढ.

गंमत म्हणजे पुस्तिका माणसांसाठी नाहीच, एजंटांसाठी आहे. एजंट म्हणजे असा प्रोग्राम, ज्याला माणसाने काम सांगायचं आणि त्याने आपल्या अकलेने हवी ती टूल्स वापरून ते करून आणायचं. टूल कसं वापरायचं ते तो आधी वाचतो. वीस वर्षं लिहितेय, पण माझी पुस्तिका एकाही माणसाने शेवटपर्यंत वाचलेली नाही. आता वाचणारा मिळाला तो हा असा.

मास्तर फार खूश आहे. मास्तर म्हणजे टूल बनवणारा इंजिनिअर. त्याने कधी कुठे शिकवलेलं नाही, पण काही सांगायला लागला की त्याची नजर फळा शोधते, म्हणून मास्तर.

"एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "माणूस वाचताना मनाने सांभाळून घेतो. एजंट तू लिहिशील तेच धरून चालणार."

"म्हणजे नव्या सासूशी बोलतात तसं लिहायचं," मी म्हटलं. तो हसला, पण मला वाटतं त्याने ते वहीत लिहून घेतलं.

७ फेब्रुवारी

पुस्तिकेत एक नमुना लागणार. खरं रेकॉर्डिंग आणि त्यावर टूलने दिलेलं खरं उत्तर. गाजलेली गाणी चालणार नाहीत, हक्कांची भानगड. मास्तर म्हणाला, "घरी कुणी वाजवत असेल तर आण काहीतरी."

घरी कुणी वाजवत नाही. वाजवायचा तो दादा, आणि त्याला जाऊन दहा महिने झाले.

पण माझ्या फोनमध्ये त्याचं एक रेकॉर्डिंग आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तो गेला त्याच दिवशी दुपारी चार बाराला त्याने ते पाठवलं होतं. तीन मिनिटं एक सेकंद. मी ऑफिसात होते. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं, म्हटलं घरी जाऊन निवांत ऐकू. साडेसहाला त्याच्या शेजारच्या काकांचा फोन आला. हृदय बंद पडलं होतं. गिटार मात्र भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती, असं ते काका दोनदा म्हणाले.

तेव्हापासून मी ते उघडलेलं नाही. निदान इथे तरी खरं लिहिते. मला भीती गिटारची नाही. शेवटी तो काही बोलला असेल, याची आहे. बरं वाटत नाहीये, येतेस का, असं काही. आणि मी ते सव्वादोन तास पर्समध्ये घेऊन बसले होते, मीटिंगमध्ये बिस्किटं खात.

९ फेब्रुवारी

आज धीर केला. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण बंद केला आणि फाइल टूलला दिली. मी ऐकायची नाही, त्याने ऐकायची. आपल्या जागी दुसऱ्याला पुढे ढकलायची माझी सवय शाळेपासूनची आहे. तेव्हा दादाला ढकलायचे.

चार सेकंदांत उत्तर आलं. जी, बी मायनर, ई-फ्लॅट, डी. हेच चार कॉर्ड, फिरून फिरून आठ वेळा. ई-फ्लॅट पहिल्यांदा नऊ पूर्णांक चार सेकंदाला.

"ई-फ्लॅट इथे?" मास्तर खुर्चीतून वाकून म्हणाला. "कुणाला सुचणार नाही असं. वाजवणारा वेडा आहे की हुशार?"

"दोन्ही होता," मी म्हटलं.

प्रत्येक कॉर्डपुढे टूल आपली खात्री लिहितं, शंभरपैकी. पहिल्या फेरीत पंच्याण्णव. मग उतरत जाते. आठव्या फेरीत ई-फ्लॅट बावन्न, आणि शेवटचा डी अडतीस, त्यापुढे शेरा: अपूर्ण, एक सूर दबलेला नाही. मास्तर म्हणाला की ई-फ्लॅटला डाव्या हाताचं बोट तारांवर आडवं दाबून धरावं लागतं, हात भरून येतो. मला हसूच आलं. दादाला लहानपणापासून मेहनत म्हटली की अंगावर काटा. शेवटी शेवटी कंटाळला असणार. नमुना म्हणून उलट बरंच झालं, अपूर्ण कॉर्ड कसा दिसतो तेही एजंटांना कळेल.

आणि मुख्य गोष्ट. एकशे चाळिसाव्या सेकंदापासून पुढे एन. एन म्हणजे कॉर्ड नाही. एकेचाळीस सेकंद सलग एन. रेकॉर्डिंग बंद करायला विसरला, नेहमीसारखा. तो नळ विसरायचा, दिवे विसरायचा, त्यातलंच हे. म्हणजे शेवटी काही नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. घरी येताना मी फुलं घेतली.

१२ फेब्रुवारी

आईबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल. दादा गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. एकतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती, ते अंगातून जात नाही. रोज सकाळी चहाचा कप ठेवायच्या आत माझं मनगट धरते आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजते. "सिस्टर, आहे ना मी जिवंत?" मी विचारते. ती आकडा सांगते, हसत नाही. काल तर वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारलं, खांदा का चोळतोयस, कधीपासून दुखतोय, आणि त्याला खुर्चीवर बसवून त्याची नाडी मोजली. तो बिचारा म्हणाला, मशीन उचललं म्हणून दुखतोय. त्याच्याकडून डॉक्टरकडे जायचं वचन घेतल्याशिवाय तिने त्याला सोडलं नाही. लाजेने माझं तोंड एवढंसं झालं.

फोनला मात्र हात लावत नाही. तिचा फोन दहा महिने खणात बंद पडून आहे. म्हातारपणी यंत्रं नकोशी होतात म्हणतात.

पुस्तिका पुरी झाली. मला स्वतःला आवडलेली दोन वाक्यं इथे उतरवून ठेवते. एक: "एन आला तर तिथे काही नाही असं समजावं आणि तो भाग वगळावा." दुसरं: "उत्तर कधीही रिकामं देऊ नये, ते खालील नमुन्यासारखं असावं." आणि खाली दादाचा नमुना, सेकंदांसकट.

मास्तरने वाचलं. म्हणाला, "स्वच्छ." त्याच्याकडून ही मोठीच पदवी.

२० फेब्रुवारी

चाचणी सुरू झाली. बाहेरच्या काही लोकांनी आपापले एजंट जोडलेत. रोज सकाळी मला नोंदी येतात: कुणी काय विचारलं, एजंटने काय उत्तर दिलं. कुणाला कुठे अडखळायला होतं ते बघून मी वाक्यं सुधारायची. आज एका माणसाच्या कुत्र्याच्या भुंकण्यात टूलला सी मायनर सापडला. दिवस बरा गेला.

२४ फेब्रुवारी

एका बाईने आपल्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज दिला होता. लिफ्ट सुरात घरघरते असं तिला वाटतं. एजंटचं उत्तर: जी, बी मायनर, ई-फ्लॅट, डी.

मी दोनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायले. चारच कॉर्ड, जुळू शकतात, असं स्वतःला समजावलं. परत येऊन आकडा पाहिला. ई-फ्लॅट, नऊ पूर्णांक चार सेकंदाला.

कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी पाच मजले जिन्याने उतरले.

२६ फेब्रुवारी

आज आणखी तीन. एका शाळेच्या रिकाम्या सभागृहाचं रेकॉर्डिंग. झोपलेल्या तान्ह्या बाळाचा श्वास. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चुकून पाठवलेली कोरी फाइल. तिन्ही उत्तरांत दादा. तोच ई-फ्लॅट, तोच शेवटी लंगडा डी, "एक सूर दबलेला नाही" या शेऱ्यासकट.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे मी पूर्ण शुद्धीवर लिहितेय. पण ज्या रेकॉर्डिंगमध्ये गाणी आहेत तिथे सगळं ठीक आहे. जिथे काहीच नाही, फक्त तिथेच तो येतो. जेवताना फ्रिज सुरू झाला तर माझा घास हातातच राहिला. आई बघत होती. तिने जेवता जेवता माझं मनगट धरलं.

"एकशे चार," ती म्हणाली. "काय झालंय तुला?"

"जिना चढले ना."

"ते तासापूर्वी."

मी म्हटलं, तू आता नर्स नाहीस. फार लागेल असं बोलले. तिने हात काढून घेतला आणि ताट उचललं.

१ मार्च

रविवार. आई खिडकीशी बसून माझ्या कुर्त्याची शिवण उसवत होती. मध्येच म्हणाली, "त्याची ती चाल राहूनच गेली ना. माझ्यासाठी बसवत होता. पुरी झाली की ऐकवतो म्हणायचा."

मी हो म्हटलं.

"कशी असेल?"

मला ते चार कॉर्ड पाठ आहेत. गेल्या आठवड्यात तर मी ते लिफ्टमध्ये, सभागृहात, बाळाच्या श्वासात वाचलेत. पण चाल कशी आहे, ते मलाच माहीत नाही. मी म्हटलं, "कुणास ठाऊक." आणि उठून मोरीत जाऊन नळ सोडला.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर ती पहिला प्रश्न विचारणार, कधी पाठवलं होतं? आणि मग चार बारा.

४ मार्च

मास्तरने आज मला बोलावून दार लावून घेतलं. त्याने नोंदी छापून आणल्या होत्या आणि दादाच्या कॉर्डखाली लाल रेघा मारल्या होत्या. अकरा उत्तरं.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "मला उलगडलंय. टूल बरोबर आहे. लिफ्टसाठी टूलने सगळीकडे एन दिलाय. पण तू लिहिलंयस, एन वगळा. एजंटने वगळला. मग हातात काही उरलं नाही. पुढे तू लिहिलंयस, उत्तर रिकामं देऊ नका, नमुन्यासारखं द्या. मग त्या बिचाऱ्याने तुझा नमुनाच उचलून दिला."

एवढंच. माझी दोन आवडती वाक्यं. दादाला घरोघर मीच धाडलं होतं.

हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडले. म्हटलं, दहा दिवस मला वेड लागायची पाळी आली, तू आधी का नाही बोललास? मास्तर म्हणाला, "तू का नाही बोललीस?"

दोन्ही वाक्यं काढायची आणि नमुना बदलायचा, असं ठरलं. मास्तर पियानोवर स्वतः काहीतरी सरळसोट वाजवून देणार. म्हणजे उद्यापासून दादा कुठेच येणार नाही. दहा दिवस ज्याला घाबरले, तो जाणार म्हणून आता मला बसवत नाहीये. काय माणूस आहे मी.

५ मार्च

वाक्यं काढली. पुस्तिका नीट झाली का ते बघायला मास्तरने एका एजंटला ती वाचायला दिली आणि चाचणीसाठी हाताशी असलेली फाइल जोडली. हाताशी होती ती दादाची.

कॉर्ड बरोबर आले. मग खाली एजंटने लिहिलं: "शेवटच्या एकेचाळीस सेकंदांत टूलला कॉर्ड सापडलेला नाही, पण तिथे शांतता नाही. एक माणूस बोलत असावा. ते बोलणं लिहून देऊ का?"

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन "नको" असं टाइप केलं. माझी बोटं नीट चालत नव्हती, तीन अक्षरी शब्द असता तर जमला नसता.

"तू हे कधी ऐकलेलंच नाहीस?" मास्तरने विचारलं.

मी नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं, चार बारासकट. त्याने एकदाही फळा शोधला नाही. शेवटी फाइल स्वतःच्या मशीनवरून पुसली आणि म्हणाला, "आता ती फक्त तुझ्याकडे आहे."

८ मार्च

तीन दिवस फोन पर्समध्ये आहे आणि पर्स कपाटात. काल भाजी चिरताना मला वाटलं की कपाटात कुणी खोकलं. मी सुरी ठेवून कपाट उघडून पाहिलं. कोट होते.

आई म्हणाली, "काय शोधतेयस?"

"काही नाही."

"माझ्यासारखं करायला लागलीस," ती म्हणाली. मला कळलं नाही.

९ मार्च

सकाळी रजा टाकली. अकरा वाजता स्वयंपाकघरात, टेबलाशी, लख्ख उजेडात आईसमोर फोन ठेवला आणि म्हटलं, "दादाची चाल पुरी झाली होती. माझ्याकडे आहे. मी ऐकलेली नाही. शेवटी तो काहीतरी बोललाय."

तिने हात पुसले. खुर्ची ओढून बसली. "लाव," म्हणाली.

चाल साधी आहे. मी कल्पना केली होती त्यापेक्षा हळू. ई-फ्लॅट आला तेव्हा मला कळलं मास्तर का वाकला होता, एखाद्या ओळखीच्या घरात अचानक नवी खोली सापडावी तसं झालं. आईचे डोळे मिटलेले होते आणि पहिल्या तीन-चार फेऱ्या ती हसत होती. मग सूर निसटायला लागले. तारा नुसत्या खरखरायला लागल्या. तिचं हसू गेलं, डोळे उघडले, आणि ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघू लागली.

शेवटचा डी धड लागला नाही. खुर्ची सरकली. खोकला. मग दादा.

"चिंगे, ऐकलंस का? झाली एकदाची आईची चाल. शेवटी जरा माती खाल्ली, ते कानाआड कर. डावा हात सकाळपासून जड झालाय गं, बोटं दाबतच नाहीत नीट. मगाशी आईला फोन केला होता. ती म्हणाली, एका कुशीवर झोपला असशील, शेक घे. आता सिस्टरबाईंची ऑर्डर म्हटल्यावर काय, घेतो शेक." मग तो हसला. नंतर नुसता श्वास, बराच वेळ. "उद्या नीट वाजवून पाठवतो. तोवर हे तिला ऐकवू नकोस हं." गिटार भिंतीला टेकवल्याचा पोकळ आवाज आला आणि संपलं.

मी आईकडे बघू शकत नव्हते. वर्षभर मी माझे सव्वादोन तास मोजत होते, आणि ती समोर बसून हे घेऊन जगत होती. खणातला फोन. वॉशिंग मशीनवाल्याचा खांदा. माझं मनगट. मी वयावर ढकललं होतं सगळं.

आई म्हणाली, "एकतीस वर्षं वॉर्डात काढली मी. दुसऱ्या कुणाच्या आईने मला हे विचारलं असतं, तर उभ्या उभ्या त्याला हॉस्पिटलात धाडलं असतं. माझा मुलगा होता म्हणून शेक घे म्हटलं."

"आई, मला हे चार बाराला आलं होतं. मी उघडलंच नाही. मी तेव्हाच ऐकलं असतं तर..."

"तर काय केलं असतंस?"

"तुला फोन केला असता."

"आणि मी काय म्हटलं असतं?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही. मग मी रडले, अकरा महिन्यांत रडले नव्हते तशी, नाक गळेपर्यंत. ती रडली नाही. तिने हात पुढे करून फोन आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "शेवटचं तेवढं परत लाव. बोलतो ते."

सहा वेळा ऐकलं. हसतो तिथे तिसऱ्यांदा तीही थोडी हसली.

१० मार्च

सकाळी ऑफिसला जायच्या आधी घरूनच पुस्तिकेत एक सूचना घातली: "एन म्हणजे टूलला तिथे कॉर्ड सापडला नाही. तिथे दुसरं काय आहे हे टूलला कळत नाही. तो भाग वगळू नये. ज्याने रेकॉर्डिंग दिलं त्याला विचारावं." मास्तरचं लगेच उत्तर आलं, लांबलंय. मी कळवलं, राहू दे.

चहाच्या वेळी आईने माझं मनगट धरलं. मी थट्टा केली नाही. "अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली.

"तुझी किती?" मी विचारलं.

मग बाही मागे सारून तिने हात टेबलावर ठेवला. मी बोटं ठेवली, दाबली, सरकवली, मला काही लागेना. दोनदा शोधलं. हात गार होता. मी घाबरून वर पाहिलं, तर तिने दुसऱ्या हाताने माझी बोटं उचलली आणि अंगठ्याच्या बाजूला अर्धा इंच सरकवून ठेवली.

"इथे," ती म्हणाली. "हलकं धर."